पलीकडच्यांना मी अर्धा तास थांबवलं

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या फुटबॉल स्पर्धेत अंतिम सामन्यानंतर मारामारी झाली. खाडीपलीकडची वाडी पेनल्टीवर हरली, आणि मैदानातून धक्क्याकडे उतरणाऱ्या एकुलत्या पाखाडीच्या पायऱ्यांवर दोन्हीकडचे लोक एकदम उतरायला लागले. तिघांना टाके पडले. त्यामुळे गेल्या वर्षी पोलिसांनी परवानगी दिली ती अटीवर: एक जरी डोकं फुटलं तर स्पर्धा कायमची बंद. तसं हमीपत्र द्यायचं होतं. कचेरीत पस्तीस वर्षं मसुदे केलेला वाडीत मी एकटाच. मसुदा इतका झकास जमला की त्याच भरात खाली सहीही मीच ठोकली.

सही माझी म्हणून बंदोबस्तही माझ्याच गळ्यात. मला ऑफसाइड अजून कळत नाही, पण टीव्हीवर परदेशी सामने बघून एक गोष्ट लक्षात राहिली होती. पाहुण्या संघाच्या लोकांना शेवटी जागेवरच थांबवतात, यजमान पांगले की मग सोडतात. मी प्रेक्षक बसतात त्या कातळावर मधोमध दोरखंड बांधला, अलीकडचे एका बाजूला, पलीकडचे दुसऱ्या. सामना साडेदहाला संपणार, पलीकडच्यांना अकराला सोडायचं. कमिटीने माना डोलावल्या.

प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. पुढचं सगळंच तेवढं सरकलं. आम्ही एका गोलाने हरलो, आणि पावणेबाराला शिट्टी वाजली तेव्हा दोराच्या अलीकडे सगळ्यांची तोंडं कडू झाली होती. मी पलीकडच्यांपुढे हात पसरून उभा राहिलो. बरोबर एक हवालदार.

तेवढ्यात पलीकडच्यांना घेऊन आलेला होडीवाला धापा टाकत वर आला. "काका, सोडा यांना. पाणी उतरतंय."

"अर्धा तास म्हणजे अर्धा तास."

"ओहोटीला सांगा तसं."

मला वाटलं, हा पलीकडच्यांचाच माणूस, लवकर सुटायची युक्ती करतोय. मी घड्याळ दाखवलं. तो तसाच खाली निघून गेला.

त्या दिवशी एकादशी होती. ते मलाही ठाऊक होतं. सकाळी खिचडी खाऊनच निघालो होतो. पण खाडीकाठच्या माणसाला तिथीवरून पाण्याची वेळ कळते, मला फक्त साबुदाणा कळतो. माझा जन्म देवरूखचा. तिथे पाणी नळाला येतं आणि नळालाच जातं.

सव्वाबाराला मी दोर सोडला आणि मिरवणुकीच्या पुढे चालावं तसा सगळ्यांना घेऊन धक्क्यावर उतरलो. होडी चिखलात कलंडून पडली होती. पाणी पाच वाजल्याशिवाय येणार नव्हतं. आणि घरी गेले असतील असं मी समजत होतो ते आमचे हरलेले लोक टोमणे मारायला धक्क्यावरच बसले होते.

"राहा आता. कप घेतलात, चिखल पण घ्या."

"तुमचा गोली उभा होता त्यापेक्षा चिखल बरा."

दोघे-तिघे उठून उभे राहिले. हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मला डोळ्यांपुढे हमीपत्राखालची माझी वळणदार सही दिसत होती.

मासळी वाळत घालणारी एक बाई त्या गर्दीत सरळ घुसली आणि पलीकडच्या एकाचा दंड धरला. "उन्हात काय उभा रायलास रे? बहिणीचं घर दिसत नाय?" तो तिच्यामागून गेला. मग कोणी मावशीकडे, कोणी आतेकडे, कोणी सासुरवाडीला. शिव्या देणाऱ्यांपैकीच एकाने शिव्या खाणाऱ्याला "चला भावजी" म्हटलं, पण तोंड वेडंवाकडं करून. आमच्या गोलरक्षकाच्या घरी गोल मारणारा जेवायला होता, सख्खा मावसभाऊ. दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले म्हणे.

ज्यांचं कोणीच नव्हतं असे पाच उरले. ते मी घरी नेले.

"साबुदाणा दोघांचा भिजवलाय," बायको म्हणाली.

"काकी, आम्हाला उपास नाय," त्यातला एक म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाताचं आधण ठेवलं.

पाचला होडी तरंगली, सगळे गेले. दोन घरी जेवलेल्या हवालदाराने वही काढली. "काका, काय लिहू?"

मसुदा म्हटला की मला राहवत नाही. मी सांगितलं, 'पाहुण्या प्रेक्षकांना लहान गटांत विभागून निरनिराळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवण्यात आले.' त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

यंदा परवानगी दोन दिवसांत आली. खाली एक अट होती: प्रेक्षकांची विभागणी गतवर्षीप्रमाणेच करावी. मी ती कमिटीत मोठ्याने वाचली. मागे गोलरक्षकाची आई बसली होती. ती म्हणाली, "मग आदल्या दिवशी घरोघरी तांदूळ निवडायला या काकांनाच पाठवा."

ठराव एकमताने झाला.