ओरडेल त्याचा फोन

समजा, तुमच्या घरचं वायफाय कोण कोण वापरतंय ते तुम्ही पहिल्यांदाच उघडून बघताय. राउटरच्या पानावर भलीमोठी यादी येते. नावं नाहीत, नुसती अक्षरं आणि आकडे. यातलं घरचं कोण नि बाहेरचं कोण, ते फायरवॉलला, म्हणजे राउटरमधल्या राखणदाराला, तुम्हीच सांगायचंय.

ओवे गावातली किशोरी अशाच यादीसमोर बसली होती. बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात येणाऱ्या ट्रकांचे गेटपास ती घरून बनवते. घरून, कारण सासूबाई गंगाबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय. उठवायला-बसवायला किशोरीच लागते. आणि साहेबांनी बजावलं होतं, "तुमच्या नेटवर अनोळखी फोन दिसतायत. सोमवारपर्यंत बंद करा, नाहीतर गोदामात येऊन बसा."

अनोळखी असणारच. धाकटा दीर जीवन, त्याच्या हळदीला डीजेवाल्याने पासवर्ड माइकवरून सांगितला होता. किशोरीने तो बदलला, तर जीवनने संध्याकाळपर्यंत नवाही मित्रांना वाटला. "वैनी, घरी आलेल्याला नाय कसा म्हनायचा?"

मग तिने फायरवॉल उघडली आणि सगळ्यांनाच बंदी घातली. घरचे नंतर एकेक आत घेऊ, असा विचार. पण त्या बंदीत तिचा स्वतःचा लॅपटॉपही बाहेर राहिला. शेवटी राउटरच्या भोकात टाचणी खुपसून सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा तिने उलटं केलं. एकेकाला बंद करायचं आणि जिन्यात उभं राहून ऐकायचं. घर तीन मजली; ओरडेल त्याचा फोन.

पहिला बंद केला. "किशोरी, माजी मालिका बंद का परली गो?"

म्हणजे हा गंगाबाईंचा टीव्ही. नाव घातलं, परवानगी दिली. पुढचा बंद केला तसा वरून जीवन गरजला, "वैनी! मॅच चाललीय! आता आमाला पन गेटपास लागतो काय?"

"लागतो. तुझ्या मित्रांना मिळायचा नाय!"

अंगणात बसलेल्या मित्रांची बोंब जीवनच्या फोनवर आली. तो रुसला, जेवायला खाली उतरला नाही. किशोरीने ताट वर नेऊन ठेवलं आणि परत यादीसमोर बसली.

सोमवारी साहेबांनी यादी पाहिली. चालू असलेल्या प्रत्येकापुढे घरातलं नाव होतं. "ठीक आहे, घरूनच करा," म्हणाले.

एकाचं मात्र कोडं राहिलं. त्याला बंद केलं तेव्हा कुणीच ओरडलं नाही. तिने शेजारीपाजारी विचारलं; कुणाचं नेट गेलं नव्हतं. तरी राउटरच्या नोंदीत तो रोज दुपारी आत यायचा प्रयत्न करताना दिसतो. आणि वायफाय तर अंगणाच्या कठड्यापलीकडे पोचतसुद्धा नाही.

गेटपास बनवता बनवता किशोरी खिडकीतून कठड्याकडे बघते. बंदी घातली तरी रोज येतो, आणि एकदाही तक्रार करत नाही, असा हा आहे तरी कोण?