त्यानं पाणी मागितलं होतं

सैन्यात मी बंदुकीपेक्षा कात्री जास्त चालवली. नर्सिंग असिस्टंट होतो. जखमेवरचे कपडे कापायचे, रक्त थांबवायचं, सलाईन लावायची आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा, हे माझं काम. सतरा वर्षं ते केलं. आता सोलापुरात एका खाजगी दवाखान्यात ड्रेसिंग करतो आणि होटगी रस्त्याकडच्या एका कॉलनीत राहतो. मुलगी नववीत आहे. तसं सगळं ठीक चाललंय. फक्त गेल्या वर्षीपासून माझा राग जात नाही.

सीमेवर तणाव वाढला होता, त्या दिवसांतली गोष्ट. मुलीच्या गणवेशाचं कापड घ्यायला नवी पेठेत गेलो होतो. दुकानात टीव्ही चालू होता. दुकानदार कापड मोजता मोजता म्हणाला, "एकदाचं होऊनच जाऊ दे."

"काय?"

"युद्ध हो. रोजची कटकट तरी मिटंल." आणि त्याच सुरात पुढं विचारलं, "सव्वादोन मीटर बास होईल का?"

मी कापड घेतलं आणि बाहेर आलो. त्याच्याशी काय बोलणार?

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष तसे नव्हते. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वाचलेले, शांत बोलणारे; सगळे त्यांना सर म्हणतात. जवानांच्या सत्काराचा कार्यक्रम ठरला तेव्हा ते मला बोलवायला घरी आले. चहा घेताना म्हणाले, "प्रत्येक युद्ध वाईट म्हणणंही भोळेपणाच आहे. कारण योग्य हवं, दुसरा मार्ग उरलेला नको, आणि गरजेपुरतंच बळ वापरावं. एवढं पाळलं तर युद्ध न्याय्य ठरतं."

मला ते पटलं. मी त्यांना आमच्या चौकीजवळच्या वस्तीची हकिकत सांगितली. एका सकाळी तिथं बंदुका घेऊन चौघं घुसले. बायका-पोरं शाळेच्या खोलीत कोंडून घेऊन बसली होती आणि ते दार फोडत होते. आमची माणसं धावली. मी जखमींसाठी मागं होतो, पण त्यातला एक माझ्या बाजूला वळला तेव्हा मीही गोळी झाडली. तो पडला. त्या सकाळबद्दल मला एक दिवसही पस्तावा झालेला नाही. चर्चा करायला तिथं वेळच नव्हता.

"हेच तर मी म्हणतो," सर म्हणाले. "हेच कार्यक्रमात सांगा."

मी हो म्हणालो.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. कॉलनीच्या सभागृहात स्टेज, हार, शाली, फुगे. फुगे का लावले होते ते मला अजून कळलेलं नाही. पहिल्या रांगेत वळसंग गावची एक बाई बसली होती, साठीच्या आसपासची, हिरवट नऊवारी नेसलेली. तिचा मुलगा माझ्याच तुकडीत होता आणि माझ्याच हातांत त्यानं जीव सोडला. तिला बोलावलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला मी पूर्वी एकदाच भेटलो होतो, त्याचं सामान पोचवायला गेलो तेव्हा. सामान देऊन दारातूनच परत आलो होतो. बोलायची हिंमत झाली नव्हती.

सर बोलायला उभे राहिले. छान बोलले. मग तिच्याकडं हात करून म्हणाले, "या माउलीच्या मुलानं शेवटच्या श्वासाला मातृभूमीचं नाव घेतलं. मरताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं."

टाळ्या वाजल्या.

तो कसा गेला ते मला माहीत आहे. दिवस थंडीचे, धुकं दाट. त्या आठवड्यात कुणी आत घुसलेलं नव्हतं. कुठलीही वस्ती धोक्यात नव्हती. त्यांनी चार तोफगोळे टाकले म्हणून आपण आठ टाकले, म्हणून त्यांनी सोळा. सुरुवात कशावरून झाली, ते आमच्या चौकीत कुणालाही सांगता आलं नसतं. पाचव्या दिवशी एक गोळा स्वयंपाकघराच्या मागं पडला. हा पोरगा कणीक मळत होता. गोळ्याची कपची पोटात शिरली. पोटात जखम झालेल्याला पाणी द्यायचं नसतं, तो नियम आहे आणि बरोबर आहे. धुक्यामुळं हेलिकॉप्टर येत नव्हतं. साडेतीन तास तो माझ्याकडं पाणी मागत होता. आधी "सर, पाणी" म्हणत होता. मग नुसतं "पाणी". मग आईला हाक मारायला लागला, आणि तिच्याकडंही पाणीच मागितलं. मी ओला गॉज त्याच्या ओठांवर फिरवत राहिलो. त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. चेहरा वेदनेनं इतका ओढला गेला होता की नंतर तो मला सरळ करावा लागला.

माझं नाव पुकारलं. वस्तीची हकिकत सांगायला मी उठलो होतो. माईक हातात आला आणि मी म्हणालो, "सर आत्ता जे बोलले ते खरं नाही. त्यानं मातृभूमीचं नाव घेतलं नाही. त्यानं पाणी मागितलं होतं. मी दिलं नाही. शेवटी द्यायला हवं होतं. तो वाचणार नाही हे मला पहिल्या तासातच कळलं होतं."

मागून कुणीतरी "बसा खाली" म्हणालं. सरांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला आणि राष्ट्रगीताची सूचना केली.

नंतर त्यांनी मला स्टेजच्या मागं गाठलं. आवाज शांतच होता. "आईसमोर हे बोलायची काय गरज होती? तिचा आधार काढून घेतलात तुम्ही."

"तुम्हाला कुणी सांगितलं तो काय म्हणाला ते?"

"अशा प्रसंगी असंच बोलतात. त्यामागची भावना समजून घ्या."

"सर, तुम्ही माझ्या घरी तीन अटी सांगितल्या होत्या. कारण, मार्ग, गरज. तो पोरगा गेला त्या पाच दिवसांच्या गोळाबारीत त्यातली कुठली होती? तुम्ही विचारलंत का कुणाला?"

"प्रत्येक गोळ्याचा हिशोब लागत नाही."

"मग अटी कशाला सांगता?"

मला ओरडायचं होतं, पण मी त्यांनी दिलेली शाल खुर्चीवर टाकून बाहेर पडलो. माझ्या मागून आलेली बायको एकच वाक्य बोलली: "तुम्ही खरं बोललात, पण त्या बाईला आधी एकटीला सांगायला पाहिजे होतं." तेही खरं होतं. त्यामुळं राग आणखी वाढला, या वेळी स्वतःवर.

ती बाई गेटजवळ रिक्षाची वाट बघत उभी होती. मी गेलो. "मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"असं चारचौघांत बोलायला नको होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते. "तवा दारातनं मागं गेलास. आज सगळ्यांम्होरं बोललास. मधी सा वर्सं कुटं हुतास?"

रिक्षा येते का ते तिनं वळून पाहिलं, मग विचारलं,

"लई दुखत हुतं का त्याला?"

"व्हय."

"तितं काय चाललं हुतं? कोण आत आल्तं का?"

"न्हाय, मावशी. कोण आलं नव्हतं."

"मग कशापायी?"

"मला माहीत न्हाय."

रिक्षा आली. ती बसली. निघून गेली.

पंधरा दिवसांनी मी वळसंगला गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बस म्हणाली. "आता पैल्यापास्नं सांग. सकाळी उटला तितनं." मी सगळं सांगितलं, कणकेपासून धुक्यापर्यंत. तिनं मधे एकदाच थांबवलं: त्यानं त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं, ते विचारायला. मला आठवत नव्हतं, तसं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "दर साली बोलवत्यात. शाल देत्यात. परत्येक जण येगळं सांगतो, तो काय म्हणला ते. मला वाटायचं, येवढं बोलाय त्याला सवड कवा मिळाली?" मग शेंगांची टोपली उचलून आत गेली. मला क्षमा केली का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

कॉलनीच्या कमिटीत मी होतो, तिथून माझं नाव काढलं गेलं. सर रस्त्यात दिसले की नुसती मान हलवतात.

घरी मुलीनं विचारलं, "पप्पा, मग तुम्ही सैन्यात जायलाच नको होतं का?"

मी तिला सांगितलं की त्या शाळेच्या दाराशी मी पुन्हा जाईन, विचार न करता. पण त्या एका दाराच्या नावावर बाकीचे पाच दिवस खपवले जातात, टाळ्या वाजवून, फुगे लावून, मेलेल्या पोराच्या तोंडी वाक्यं घालून. ती म्हणाली, "मग कुठलं बरोबर आणि कुठलं चूक, हे आधी कसं कळणार?"

मला ते सांगता येत नाही. पण ज्यांना टीव्हीसमोर बसून ते लगेच कळतं, त्यांच्या शेजारी मी आता बसत नाही.