हाताला ऐकू येतं तेवढं

हट्टा गावच्या मोहियोद्दीनचाचांनी आयुष्यभर गाड्यांत साउंड बसवले, आणि त्यातच त्यांचे कान गेले. आता ते हातानं ऐकतात. धम्मानंदच्या जीपमध्येही त्यांनी तेच केलं. आधी ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारा स्क्रू, शून्यावर आणला, टेपचा आवाज पाऊणभर ठेवला, मग फक्त जाड, घुमणारा आवाज काढणाऱ्या सबवूफरच्या पडद्याला बोटं लावून गेन हळूहळू वाढवत नेला. धडधडणारा पडदा फडफडायला लागला, तसा त्यांनी स्क्रू थोडा मागं घेतला.

"अजून वाढवा ना चाचा," धम्मानंद त्यांच्या कानाशी ओरडला.

"कॉइल जळंल. बराबर हाये."

जीप गेल्यावर त्यांनी मोबाइल पाहिला. पुण्याला दिलेल्या उझ्माचा, त्यांच्या लेकीचा, बोललेला मेसेज होता. तिचा आवाज बारीक. त्यांच्या कानापर्यंत आता पोचतच नाही. पण 'लिहून पाठव' म्हणायचं ते टाळतात. मग ती बोलायचीच बंद होईल.

त्यांनी मोबाइल टेबलावरच्या सबवूफरला जोडला, पडद्यावर बोटं टेकवली. बारीक आवाज त्यात उतरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पडदा गप्पच राहिला. अगदी शेवटी एकदा हलला. तिनं दार लावलं असावं.

चाचांनी मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.