दगडावर लेबल नव्हतं

आमचे प्रिन्सिपॉल आधी मारत आणि मग कारण सांगत. तरुणपणी त्यांचं रामदासपेठेत औषधांचं दुकान होतं. दुकान एकाएकी बंद करून ते शेतकी शिकले, पुढे शिकवू लागले आणि कळमेश्वरजवळ आमचं कृषी महाविद्यालय निघालं तेव्हा तिथले पहिले प्रिन्सिपॉल झाले. पाठीमागे आम्ही त्यांना 'कंपाउंडर'च म्हणायचो.

दुकानातली एक सवय त्यांनी सोबत आणली होती. बाटलीचं लेबल तीनदा वाचायचं: उचलताना, ओतताना, परत ठेवताना. फवारणीच्या प्रात्यक्षिकात दोनदाच वाचणाऱ्याच्या पाठीत छडी बसे. "जहराले दया नसते, मलेही नाही," असं वर सुनावत.

एकदा फवारणीनंतर उरलेलं औषध मी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलं. मौद्याला घरच्या मिरचीसाठी न्यायचं होतं. आमच्याकडे सगळेच तसं नेत. सरांनी पिशवीतली बाटली पाहिली आणि सगळ्या पोरांदेखत मला ओठ फुटेस्तोवर बडवलं.

"काहून मारून राहिले, सर?"

"घरी लहान कोण हाय?"

"बहीण."

त्यावर आणखी एक ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी गेट बंद केलं. सर समोर आले आणि मी दगड भिरकावला. त्यांचं कपाळ फाटलं, पांढरा शर्ट रक्तानं भिजला. पोलीस जमादारानं विचारलं, कोणी मारला? सर सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "दगडावर लेबल नव्हतं."

मग मला एकट्याला आत बोलावलं. "एका बाईले थोडंसंच फिनेल पाहिजे होतं गा. खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत भरून देलं. लेबल खोकल्याचंच राह्यलं. तिच्या सासूनं नातवाले चमचाभर पाजलं. चार वर्षांचं पोर गेलं. त्याच्या बापानं मले भर दुकानात तुडवलं. कमी तुडवलं."

मला त्यांची माफी मागायची होती. गेल्या वर्षी सर गेले आणि ते राहूनच गेलं. आजही त्याची लाज वाटते.

आता मौद्याला माझं बियाणं-औषधांचं दुकान, कृषी केंद्र आहे. परवा एक तरणा शेतकरी थंड पेयाची बाटली पुढे करून म्हणाला, "शेजाऱ्याचं उरलेलं औषध हाय. हेच अजून किती लागन, सांगा ना भाऊ." काही कळायच्या आत माझा हात सुटला. त्यानं उलट अशी हाणली की मी पोत्यांवर जाऊन पडलो.

रक्त पुसत मी विचारलं, "घरी लहान कोण हाय?"

"पोरगी," तो म्हणाला. मग हातातल्या बाटलीकडे बघत राहिला.