परीक्षा झाल्यावर सांगू

आमच्या माहेरी परीक्षा म्हणजे सोवळं. माझ्या बी.ए.च्या पेपरांच्या दिवसांत आजोबा गेले, ते मला शेवटचा पेपर देऊन आल्यावर कळलं. सगळ्यांनी मिळून लपवलं आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ तिथं आहे. सबब म्हणून सांगत नाही.

भाग्यलक्ष्मी आमच्या यशवंतपूरच्या घरात, वरच्या खोलीत, पाच वर्षं राहिली. निपाणीजवळच्या खेड्यातली पोर. घरात मराठी, शाळा कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषांत तिचं तोंड सारखंच चालायचं. तीस वर्षं बेंगळुरूत काढूनही माझं कन्नड भाजीवाल्याला ‘स्वल्प कडिमे माडी’, म्हणजे जरा कमी करा, म्हणण्यापुढे गेलं नाही, यावरून ती मला चिडवायची.

आली तेव्हा तिचा नर्सिंगचा डिप्लोमा चालू होता. दुसऱ्या वर्षी तिचे वडील यल्लाप्पा सायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ही धावत गावी गेली आणि महिनाभर राहिली. हजेरी भरली नाही, वर्ष बुडालं. तिची आई अंबूबाई विड्या वळणारी बाई. लेकीचं ते वर्ष तिनं फार मनाला लावून घेतलं.

डिप्लोमा पुरा होतो न होतो तोच भाग्यानं पदवीला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर रुग्णालयात ड्यूटी. डिप्लोमावालीनं जन्मभर वॉर्डात राबायचं आणि कालच्या पदवीवालीनं येऊन तिला शिकवायचं, हे तिला झोंबायचं. “मला शिकवायचंय काकू,” म्हणायची. जिन्यात बसून, मांडीवर पुस्तक ठेवून जेवायची. मी रागावले की एक घास माझ्याच तोंडात कोंबायची. मला मूलबाळ नाही. त्या पोरीत माझा जीव किती गुंतला होता हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षी तिला मार्केटमागच्या वस्तीत जाऊन, छातीतली गाठ स्वतः कशी तपासायची ते बायकांना शिकवायचं होतं. त्यासाठी आम्ही दोघींनी माझ्या शिलाई मशीनवर जुन्या चादरीचा आणि कापसाचा एक स्तन शिवला, आत एक चिंचोका दडवला. माझ्यावर तिनं इतक्या रंगीत तालमी केल्या की बोटं कशी फिरवायची, मग काख कशी चाचपायची, सगळं मला तोंडपाठ झालं.

ऑगस्टमध्ये अंबूबाई दोन दिवसांसाठी आली. लेकीनं कौतुकानं ते कापसाचं प्रकरण तिच्या हाती दिलं. अंबूबाईची बोटं नेमकी चिंचोक्यावर जाऊन थांबली.

“आई, पहिल्या फटक्यात पास! वस्तीतल्या बायका अर्धा तास शोधतात,” भाग्या हसली. अंबूबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी कॉलेजला गेल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात आली, दार लोटलं आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ होती. मी शिकल्याप्रमाणे काखही चाचपली. तिथं काही नव्हतं.

“अक्का, पोरीची परीक्षा नवंबरात हाय. तवर तिला सांगायचं न्हाई,” ती म्हणाली. “कळलं की समदं टाकून येतीया बगा. मागं एक वरीस घालवलंच की.”

“निदान डॉक्टरला तरी दाखवा.”

“डाक्टर म्हणणार, घरच्यास्नी बोलवा. घरात शिकलेली ती एकटीच. माझ्या गळ्याची शपथ हाय तुमास्नी.”

काखेत काही नाही, म्हणजे दुखणं पसरलेलं नाही, तीन महिने थांबायला हरकत नाही, असं मी ठरवून टाकलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी! “सरी, बरं,” म्हणाले.

नोव्हेंबरची परीक्षा जानेवारीवर गेली. प्रात्यक्षिक फेब्रुवारीच्या अखेरीला. दर वेळी मी अंबूबाईला फोन केला आणि दर वेळी ती म्हणाली, “इतकं थांबलो, आनि स्वल्प.” खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं व्हायचं. माझ्यावरची सांगायची पाळी पुढे जायची ना. माझे यजमान उमाकांत यांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, “आजच सांग.” मी त्यांच्याशीच भांडले. तुम्हांला बायकांचं काय कळतं, म्हणाले.

प्रात्यक्षिक आटोपून भाग्या पेढे घेऊन आली. तेव्हा मी ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं. ती बॅग भरायला वर गेली. त्याच संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली.

तोवर दुखणं काखेतून हाडांत उतरलं होतं. तिनं आईला बेळगावला नेलं, मग इथं आणलं. डॉक्टर बदलले, उत्तर बदललं नाही, तेव्हा परत गावी नेलं. शेवटचे चार महिने तिनं आईचं सगळं केलं आणि जूनमध्ये अंबूबाई गेली. निकाल त्याआधीच लागला होता. भाग्या कॉलेजात पहिली आली. अंबूबाई ते मार्क्स कार्ड उशाखाली घेऊन निजायची, असं यल्लाप्पांनी फोनवर सांगितलं. आपण बरोबरच केलं असं समजून ती गेली. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

जुलैत भाग्या सामान न्यायला आली. वह्या बांधताना तिनं विचारलं, “काकू, ऑगस्टमध्ये तुम्ही हात लावलात तेव्हा आईच्या काखेत काही लागलं होतं?”

पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं शांतपणे विचारलं. तिला कुठलं उत्तर हवंय ते मला कळत होतं. ‘लागलं होतं’ म्हटलं असतं, तर तेव्हाच उशीर झाला होता असं मानून पोरीला जरा झोप लागली असती. मीही सुटले असते. म्हणूनच ते माझ्या तोंडून निघेना.

“नव्हतं,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली, वह्यांचा गठ्ठा उचलला. “रोज दोनदा तुमच्या दारावरून जात होते मी, काकू,” म्हणाली आणि निघून गेली.

आता ती इथंच, बेंगळुरूत, हेब्बाळच्या एका कॉलेजात नर्सिंग शिकवते. तिच्या वाढदिवसाला, गणपतीला मी फोन करते. ती उचलत नाही. तिनं उचलावा तरी का?