जावयाच्या गाडीचा खडखडाट

खडोली रोडवर गॅरेजं पुष्कळ, पण इंजिनाला कान लावून दुखणं सांगणारा वाल्मिक सैंदाणे एकच, असं निदान वाल्मिकचं तरी मत होतं. मूळचा पारोळ्याकडचा. सुताच्या कारखान्यात हेल्पर म्हणून आला, तिथे जमलं नाही, मग एका गॅरेजात शिकला आणि पुढे स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. हाताने चोख, तोंडाने फटकळ. सिल्वासात इतकी वर्षं काढली पण लाइनच्या गाडीला हात लावला नाही, हे तो कुणालाही, न विचारता, ऐकवायचा.

लाइन म्हणजे इथून गुजरातेत चोरून दारू पोचवणं. इथे दुकानात उघड मिळते, नाक्यापलीकडे बंदी. मग जुन्या गाड्यांना चोरखाने बसवायचे आणि बाटल्या पलीकडे न्यायच्या. पहिल्या मालकाने असा चोरखाना वेल्डिंग करायला सांगितला तेव्हा वाल्मिकने काम सोडलं आणि दोन वर्षं रस्त्याकडेला पेटी मांडून बसला. लेक कावेरीला एक बऱ्यापैकी स्थळ आलं होतं, तेही मुलगा लाइनवर जातो कळल्याबरोबर मोडलं. त्याऐवजी मसाटच्या कंपनीत कायम असलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला गोकुळ शोधून काढला. जावयाचं कौतुक त्याने चहाच्या टपरीवर इतक्यांदा केलं होतं की टपरीवाला भगवंत त्याचं वाक्य आधीच पुरं करायचा.

एकच सल होता. गोकुळची डिझेल गाडी वीस वर्षांची, सतत काहीतरी काढायची, पण तो ती वापीला न्यायचा, सासऱ्याकडे कधीच नाही. म्हणून त्या गुरुवारी दुपारी कावेरी स्वतः गाडी चालवत शेडपुढे येऊन थांबली, तेव्हा वाल्मिक मनातून सुखावला. इंजिन खडखडतं, एवढंच ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

त्याने गाडी सुरू करून बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. व्हॉल्व्हवरचे टॅपेट वाजत होते, पण वयाच्या मानाने वाजतील तेवढेच. बेल्ट काढून पाहिला, आवाज तसाच. मग इंजेक्टरच्या नळ्या एकेक करून ढिल्या केल्या. आत बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर खडखड दबते. इथे चारही नळ्यांना काही फरक पडला नाही. दोन तास गेले. अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबला की खडखड सुरू, आणखी दाबला की बंद. कुठेतरी पत्रा सुटलाय, इंजिन बिचारं निर्दोष आहे, असं तो खुशीत म्हणाला. कावेरी जमिनीकडे बघत बसली होती. बाप चुकीच्या जागी शोधतोय हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण तोंड उघडवत नव्हतं.

गाडी शेडमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेऊन तो खाली उतरला. इंजिनाच्या मागे, आडव्या पट्टीला चिकटून, काळा रंग मारलेली पत्र्याची लांबट पेटी होती. एका कोपऱ्याचं वेल्डिंग तडकलं होतं आणि पेटी तिथेच थरथरत होती. झाकण सरकवलं तर आत गोणपाट, आणि वास. त्याला आणखी काही बघायची गरज राहिली नाही.

तो वर आला तेव्हा कावेरी उठून उभी राहिली होती. गोकुळला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. इतका खुळा प्रश्न त्याने आयुष्यात कुणाला विचारला नसेल.

"कंपनी बंद पडून आठ महिने झाले, आबा," ती म्हणाली. "तरी मी रोज डबा भरून देते, शेजारपाजारला दिसायला."

पेटी बसवणारा कुठेतरी पळून गेला होता आणि परक्याला दाखवायची सोय नव्हती. गेल्या शनिवारी नाक्यावर आवाज ऐकून हवालदाराने बॉनेट उघडायला लावलं होतं. खाली वाकला नाही, म्हणून निभावलं. हे सारं तिला कसं ठाऊक, तिथे कोण होतं, असं त्याने विचारलं. मीच, ती म्हणाली. गाडीत फॅमिली असली की फारसं कुणी थांबवत नाही.

"आणि गुड्डी?"

"ती पुढे बसते. झोपलेलं पोर दिसलं की सोडू राहिले ते."

गुड्डी, त्याची नात, सहा वर्षांची होती. वाल्मिकने ग्राइंडर उचलला, पेटी कापून रस्त्यावर फेकायची म्हणून. खड्ड्यात उतरला, आणि तिथेच उभा राहिला. पेटी कापली तर गोकुळ आठ दिवसांत दुसरी बसवील, कुणा अडाण्याकडून. तीही वाजेल, आणि वाजेल तेव्हा नात पुढच्या सीटवर असेल. त्याला जावयाचा राग आला, लेकीचा आला, आणि स्वतःच्या त्या चहावरच्या फुशारकीची तर किळस आली.

त्याने बॅटरीची वायर सोडली, तडा घासून स्वच्छ केला, दोन्ही कोपरे नव्याने वेल्डिंग केले. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून पेटी आणि पट्टीच्या मध्ये बसवलं. गाडी सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर सगळ्या तऱ्हांनी दाबून पाहिला. टॅपेटशिवाय काही ऐकू येईना. इतकं नीटस काम त्याच्या हातून वर्षात झालं नव्हतं, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

किल्ली देण्याआधी त्याने तिच्याकडून वदवून घेतलं, गुड्डीला पुन्हा गाडीत न्यायचं नाही. कावेरीने लेकीच्या डोक्याची शपथ घेतली. तो बरं म्हणाला, हात धुतले, आणि ती गेल्यावर बराच वेळ धूतच राहिला.

शनिवारी दिवस मावळायच्या आधी तो भगवंतच्या टपरीवर उभा होता. समोर टेम्पो आडवा आला म्हणून गोकुळची गाडी हातभर अंतरावर येऊन थांबली, अगदी गपगार. गोकुळने नजर रस्त्यावरून हलवली नाही, मागच्या सीटवर कावेरीने पदर तोंडावर ओढला. पुढे गुड्डी काचेला डोकं टेकून निजली होती. चहाच्या ग्लासांचा आवाज झाला तसा तिने एक डोळा किलकिला केला, आजोबाला ओळखून हसली, आणि शिकवल्याप्रमाणे लगेच पुन्हा मिटून घेतला.