बहरीनचे दहा फिल्स

माझी बायको बहरीनला नर्स होती आणि मी इथे गिरीज गावात केळीची वाडी सांभाळत होतो. आमचा संसार वर्षाकाठी एका महिन्याचा. तिथले लोक राजाविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा ती सुट्टीवर घरी होती. टीव्हीवर धूर आणि रणगाडे. मी म्हटलं, "चुलीत गेली ती नोकरी, जाऊ नकोस." ती बॅग भरतच राहिली. निघताना पर्समधलं दहा फिल्सचं पिवळं नाणं तिने माझ्या हातावर ठेवलं. त्यावर खजुराचं झाड होतं. "सांभाळा हं. राजा राहो नाहीतर जावो, हे परत घ्यायला मी येणार."

आली. नोकरी संपवून कायमची आली. अधूनमधून हसत हात पुढे करायची, "माझे दहा फिल्स द्या की!" मी म्हणायचो, "सापडत नाही गं, शोधतो." नाणं सदऱ्याच्या खिशातच असायचं. मग ती आजारी पडली आणि गेली.

परवा चर्चमध्ये तिच्या वर्षाच्या मिस्साला, प्रार्थनेच्या वेळी, दानाची पिशवी पुढे आली. मी पाच रुपये समजून तेच नाणं टाकलं. घरी खिसा चाचपला, तर हाती पाच रुपये आले. तसाच चपला अडकवून चर्चकडे धावलो.

ऐकून फादर हसले. अस्सा राग आला! माझा जीव जातोय आणि हसता काय? त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढून टेबलावर उपडा केला. कुवेत, ओमान, बहरीनची चिल्लर. "पिशवीत येतच असते. आपल्याकडे घरटी कुणीतरी आखातात. बँक घेत नाही, टाकवत नाही. तुमचंही यातच पडलंय."

खजुराच्या झाडाची कितीतरी होती. एकेक खिडकीशी नेऊन पाहिलं. इतकी वर्षं छातीशी बाळगलं आणि आता ओळखता येईना.

"कुठलंही घ्या हो," फादर म्हणाले.

"कुठलंही कसं घेऊ?" मी ओरडलोच, आणि तिथेच बसून लाज सोडून रडलो. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली.

"एवढं काय होतं त्यात?"

"ती मागायची, फादर. दिलं तर पुन्हा तिकडे जाईल, अशी भीती वाटायची. म्हणून दिलं नाही," मी म्हटलं. "तरी गेलीच."